बोलायचं ते शॉटच्या आधी

प्रिय मुला,
अनेक आशीर्वाद.

पहिल्या खुल्या नाइन-बॉल स्पर्धेत (पूलचा प्रकार; एक ते नऊ नंबरचे बॉल, नऊ पाडणारा डाव जिंकतो) नाव दिलंस, आनंद झाला. ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, कसा मारू, सेफ्टी, म्हणजे समोरच्याला अडचणीत टाकणारा शॉट, कधी खेळू, हे तू विचारलेलं नाहीस. समोरचा विचित्र वागला तर काय करायचं, एवढंच विचारलंस. बरं केलंस, कारण सरावाला बसताना हे कुणी शिकवत नाही.

टेबलावरची बहुतेक भांडणं शॉट झाल्यावर पेटतात, आणि त्यातली बरीचशी शॉटच्या आधी एक वाक्य न बोलल्यामुळे. सुरुवातीच्या फेऱ्यांत प्रत्येक टेबलाला पंच नसतो. तिथे खुर्चीत बसलेला खेळाडूच पंचाचं काम करतो, म्हणजे तू खेळत नसतोस तेव्हा पंच तूच.

क्यू बॉल (क्यूने, म्हणजे काठीने मारायचा पांढरा बॉल) आणि समोरचा बॉल अगदी जवळ असले की शॉट घेणाऱ्याला थांबव आणि दोघांनी वाकून बघा, चिकटलेत की फट आहे. चिकटले असतील तर त्या बॉलच्या दिशेने सरळ मारता येतं. तू स्नूकरवर वाढलास, म्हणून हे मुद्दाम सांगतो: स्नूकरमध्ये चिकटलेल्या बॉलपासून दूर खेळावं लागतं, पूलमध्ये तसं बंधन नाही. फट असेल तर मात्र टिप, म्हणजे क्यूचं टोक, क्यू बॉलला दोनदा लागण्याचा धोका असतो. ओळखायची खूण अशी: फॉलो (पुढे नेणारी फिरकी) न देता सरळ मारूनही क्यू बॉल समोरच्या बॉलच्या मागोमाग जवळजवळ त्याच वेगाने धावला, तर बहुधा टिप दोनदा लागली. एकदाच लागली असती तर धडकेनंतर तो क्षणभर तरी अडखळला असता. हे खुर्चीतून दिसत नाही. असा शॉट येतोय असं दिसलं की, ‘थांब, कुणाला तरी बघायला बोलावू,’ म्हण आणि आयोजकांपैकी एकाला जवळ उभं कर. आधी बोलावलं नाहीस, तर नंतर हुज्जत घालू नकोस. शंकेचा फायदा शॉट घेणाऱ्याला मिळतो. दोन बॉल एकाच वेळी लागल्यासारखे दिसले तरी हाच न्याय: योग्य बॉल (टेबलावरचा सर्वांत लहान नंबरचा) आधी लागला असं धरतात.

कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, टेकलेल्या बॉलचंही तसंच. ‘टेकलाय’ असं आधी कुणी जाहीर केलं नाही, तर तो टेकलेला नाही असं मानतात, आणि मग शॉट वैध की फाऊल हा निकालच बदलतो.

सलग तीन फाऊल झाले की रॅक, म्हणजे तो डाव, जातो, पण दोन झाल्यावर समोरच्याला तसं स्पष्ट सांगावं लागतं. सांगितलं नाही तर तिसरा फाऊल दुसराच धरला जातो. काही जण मुद्दाम पुटपुटतात. तू स्वच्छ आवाजात ‘दोन फाऊल झालेत’ म्हण आणि त्याने मान डोलावल्यावरच बस. फाऊल पकडायचा तोही पुढचा शॉट सुरू होण्याआधी. नंतर पकडलेला धरत नाहीत.

एका सापळ्यात नवखे हमखास सापडतात. समोरच्याचा फाऊल झाला असं वाटताच ते क्यू बॉल हातात घेतात. तो म्हणतो, ‘फाऊल कुठे झाला?’ आणि खेळातला बॉल हाताळल्याचा फाऊल उलट यांच्यावरच येतो. त्याने मान्य करेपर्यंत बॉलला हात लावू नकोस.

पंच नसताना बऱ्याच स्पर्धांत फक्त क्यू बॉलला झालेला स्पर्श फाऊल धरतात. शर्टाच्या बाहीने दुसरा एखादा बॉल चुकून हलला तर तो फाऊल नसतो. बॉल परत जागेवर ठेवायचा की नाही हे समोरचा ठरवतो. स्वतःच उचलून ठेवू नकोस, विचार. आपल्याकडे पूल आणि स्नूकर एकाच पार्लरमध्ये चालतात, त्यामुळे हे नियम डोक्यात मिसळतात. स्पर्धेच्या सकाळी कोणता नियम लागू आहे ते टेबलवाटप करणाऱ्यांकडून विचारून घे.

आता विक्षिप्त माणसं. आधी दोन प्रकार वेगळे कर. कुणी स्वतःशी बडबडतो, प्रत्येक शॉटला चार-चारदा चॉक लावतो, मांडीवर हात आपटतो. ती घबराट असते, तुझा त्याच्याशी काही संबंध नाही. दुसरा प्रकार तू वाकल्यावरच सुरू होतो: तुझ्या नजरेच्या रेषेत पॉकेटमागे येऊन उभं राहणं, ग्लासातला बर्फ वाजवणं, बॉल पडायच्या आत ‘मस्त शॉट’ म्हणणं. सगळ्यांत घातक म्हणजे कौतुक: ‘आज तुझा कोपर काय सरळ चाललाय!’ पुढचे तीन शॉट तू कोपराचाच विचार करत बसतोस.

यावर इलाज एकच: उभा राहा. वाकलेल्या अवस्थेत चिडून मारलेला शॉट चुकतोच. सरळ हो, चॉक लाव, रेषा पुन्हा बघ, मग वाक. पहिल्या वेळी शांतपणे सांग, ‘मी वाकलो की हलू नका.’ दुसऱ्यांदा घडलं तर खेळ थांबवून पंचाला बोलाव. लक्ष विचलित करणं हे नियमांतच खिलाडूवृत्तीविरुद्धचं वर्तन म्हणून नोंदलंय. मात्र फिटंफाट करायला जाऊ नकोस. त्याला त्रास द्यायचा विचार करत बसशील तेवढा वेळ टेबल वाचणं बंद पडतं.

अर्ल स्ट्रिकलंड यांचं नाव तू ऐकलं असशील. पाच वेळा यूएस ओपन नाइन-बॉल जिंकलेला खेळाडू, आणि पंचांशी, प्रेक्षकांशी झालेल्या वादांसाठीही तितकाच गाजलेला. १९९६ साली हाँगकाँगमध्ये आधी १२० रॅक जिंकणाऱ्याचा विजय, अशा लढतीत त्यांची गाठ फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेस यांच्याशी पडली. रेयेस बरेच मागे पडले होते, तरी १२०-११७ असे जिंकले. त्या लढतीचं चित्रण मिळालं तर शॉट बघू नकोस. रेयेस खुर्चीत कसे बसतात ते बघ.

मोस्कोनी कपमधला (युरोप विरुद्ध अमेरिका ही संघांची स्पर्धा) आरडाओरडा बघून मात्र काही शिकू नकोस. तिथे प्रेक्षकांचा गोंगाट दोन्ही संघांनी गृहीत धरलेला असतो. तुझ्या हॉलमध्ये शेजारच्या टेबलावर कुणीतरी निर्णायक नऊ मारत असतो.

रॅक लावणं, म्हणजे डावाआधी बॉल मांडणं, तुझ्याकडे असेल तर एक पुढे, नऊ मध्ये, बाकीचे बॉल मनात काही न ठरवता. सोयीचा क्रम लावणं नियमात बसत नाही. समोरच्याला रॅक तपासायचा असेल तर बाजूला हो. एकदा-दोनदा पुन्हा लाव म्हणाला तर लाव. प्रत्येक रॅकला तेच चाललं तर पंचाकडून लावून घे.

आणि तुझे स्वतःचे फाऊल. सरावाचे झोके देताना टिप क्यू बॉलला किंचित लागली, तर खुर्चीतल्या माणसाला ते कधीच दिसणार नाही. तुझ्या हाताला मात्र कळतं. लगेच ‘फाऊल’ म्हण आणि बाजूला हो. सामना ९-९ असा बरोबरीत असला तरीही, आणि समोरच्याने मघाशी स्वतःचा फाऊल लपवला अशी तुझी खात्री असली तरीही. हे मी तुझ्याकडून मागतोय, याला पर्याय देत नाही.

शेवटच्या रॅकमध्ये तो टेबलावर असताना, हरलोच असं वाटलं तरी खेळायचा क्यू उघडू नकोस, म्हणजे त्याचे दोन भाग सुटे करू नकोस. जॉइंट उघडणं म्हणजे सामना सोडणं, असं नियम सांगतो, आणि नऊ नंबरचा सोपा बॉल चुकलेले सामने कमी नाहीत. नऊ पडला की उठून हात मिळव, स्कोअरच्या कागदावर दोघांच्या सह्या घे आणि कागद आयोजकांकडे दे. डबल एलिमिनेशन (दोनदा हरल्यावरच बाद) असेल तर हरलेल्यांच्या गटात तुझा सामना कधी आहे ते तिथेच विचार, कारण तो अर्ध्या तासातही लागू शकतो, आणि तेवढ्यात तुला जेवायचंही असेल.

ड्रॉ लागला की कळव.