नार्कोला ‘नाही’ म्हणता येतं

प्रश्न : माझा भाचा केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर. चोरीचा संशय त्याच्यावर आहे. ‘निर्दोष असशील तर नार्कोला का घाबरतोस?’ असं त्याला ऐकवतात. काय करावं?
– एक मामा, रावेर

उत्तर : मामा, भाच्याला संमतीच्या कागदावर घाईत सही करू देऊ नका. संमतीशिवाय नार्को (गुंगीचं औषध देऊन चौकशी), पॉलिग्राफ (खोटं पकडायची यंत्रावरची चाचणी), ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरींची तपासणी) करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सांगितलं आहे. संमतीही मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवावी लागते, वकिलाशी बोलू द्यावं लागतं. नकार म्हणजे कबुली नव्हे. ‘का घाबरतोस?’ या प्रश्नाची मला फार चीड येते, कारण गुन्हा सिद्ध करायचा तो सरकार पक्षानं.

नार्कोच्या औषधानं माणूस गुंगीत सैल बोलतो. खरंच बोलेल याची खात्री नाही. विचारणाऱ्यानं सुचवलेलंही तो आपलंच म्हणून सांगू शकतो. संमतीनं टेस्ट केली, तरी ते बोलणं पुरावा ठरत नाही. त्यातून एखादी वस्तू सापडली, तर ती मात्र पुराव्यात येऊ शकते.

त्यापेक्षा चोरीच्या रात्रीची वजनकाट्याची पावती, फास्टॅगच्या नोंदी, ट्रकचं जीपीएस जमवा. ढाब्यावरचं सीसीटीव्ही फुटेज लवकर पुसलं जातं; ते जपून ठेवायला वकिलामार्फत आजच लेखी कळवा. भाचा कोठडीत असेल तर जळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.