पीएचडीचं पहिलं वर्ष: दिवसभर पेपर वाचूनही हाती काही लागत नाही, काय करू?

कोर्सेसमध्ये मार्क बरे पडतात पण संशोधनाचं गाडं हलत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते घोळ वाचण्याच्या पद्धतीत आहे. शोधनिबंध पाठ्यपुस्तकासारखा पहिल्या ओळीपासून वाचायचा नसतो. आधी सारांश, प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद, आकृत्या आणि निष्कर्ष एवढंच बघा. दहा मिनिटं पुरतात. बहुतेक पेपर इथेच गळतात, गळू द्या. ज्यांच्यावर तुमचं काम उभं राहणार आहे, असे दोन-तीनच ओळ न ओळ तपासायचे. गणित स्वतः सोडवायचं, डेटा उपलब्ध असेल तर त्यातला एखादा आलेख पुन्हा काढायचा. काही नमुने वगळलेत आणि ते फक्त तळटीपेत सांगितलंय, असल्या गोष्टी आलेख जुळेनासा झाला की मगच लक्षात येतात.

वाचून झाल्यावर पेपर मिटून ठेवा आणि चार ओळी लिहा: प्रश्न काय, कसा सोडवला, काय मिळालं, मला काय पटलं नाही. चौथी ओळ टाळू नका, पुढे विषय तिच्यातूनच सापडतो. एखादं वाक्य जसंच्या तसं उतरवलं, तर तिथल्या तिथे अवतरणचिन्हं आणि पान क्रमांक टाका. सहा महिन्यांनी ते आपलं की दुसऱ्याचं हे आठवत नाही, आणि वाङ्मयचौर्याचं बालंट असंच येतं. संदर्भ साठवायला झोटेरो नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

आता गाइड. मीटिंगच्या आदल्या दिवशी अर्ध्या पानाचा मेल पाठवा: काय झालं, कुठे अडलं, कोणता निर्णय हवाय. ‘सर, जमत नाहीये’ याला कोणी काय उत्तर देणार? त्याऐवजी ‘तिसऱ्या नमुन्याचं मोजमाप दोन्ही वेळा वेगळं आलं. उपकरण पुन्हा कॅलिब्रेट करू की नमुना बदलू?’ असं विचारा. आणि काहीच झालं नाही म्हणून मीटिंग पुढे ढकलत राहू नका. अडलेलं असतं तेव्हाच तर तिची गरज असते. मीटिंगनंतर ठरलेल्या गोष्टी त्याच संध्याकाळी मेलवर लिहून पाठवा, म्हणजे महिन्याभराने ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ हा प्रसंग येत नाही.

कोर्सेसचं म्हणाल तर किमान श्रेणी नियमावलीत बघा आणि तिच्या थोडं वर राहा. फेलोशिप मार्कांवर अवलंबून नसेल, तर उरलेला वेळ त्या दोन-तीन पेपरांना द्या.