पोर्चात ऑइल सांडलं? ॲसिडची बाटली आधी खाली ठेवा

काँक्रीट आणि फरशीबद्दल बेळगाव भागातल्या वाचकांचे प्रश्न येतात त्यात यावेळी निम्म्याच्या वर ऑइलच्या डागांचेच निघाले, आणि बहुतेकांनी विचारायच्या आधीच ॲसिड ओतून झालंय. म्हणून सुरुवात तिथूनच करूया.

प्रश्न: नवीन घराच्या पोर्चात जुनी डिझेल गाडी लावतो. इंजिनखाली ताटाएवढा काळा डाग पडलाय. टॉयलेटचं ॲसिड टाकून घासलं, आजूबाजूचं पांढरं झालं पण मधलं काळं तसंच आहे. अजून स्ट्राँग ॲसिड आणू काय? — टिळकवाडी

नको हो दादा, जेवढं आणलंय तेवढंच पुरे झालं. ॲसिड टाकल्यावर फेस कुठं आला ते आठवा बघू, डागाच्या कडेला आला असणार, मधे नाही. कारण सोपं आहे, ॲसिड सिमेंटला खातं, तेलाला हात लावत नाही, आणि मधे तर तेलानंच सिमेंट झाकलंय. म्हणून तुमच्याकडं आता खडबडीत पांढरी रिंग आणि मधे काळा टिळा असं झालंय. खडबडीत भाग पुढच्या वेळी जास्त तेल धरणार ते वेगळंच. आणि हो, वैतागून त्यावर ब्लीचिंग पावडर टाकायला जाऊ नका, ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, बंद पोर्चात तो छातीत गेला तर डाग बाजूला राहील आणि दवाखाना गाठावा लागेल.

डाग वर बसलेला नाही, आत गेलाय. काँक्रीटला बारीक बारीक भोकं असतात, तेल त्यातून खाली उतरतं, म्हणून वरून कितीही घासा, वरचं निघतं आणि दोन दिवसांनी आतलं वर येऊन डाग परत दिसतो. त्यामुळं काम दोन टप्प्यात करायचं. पहिल्यांदा धुण्याचा सोडा, खायचा नाही, कपडे धुवायचा, एक कप घेऊन बादलीभर गरम पाण्यात कालवा, थोडी निरमाची पावडर टाका, हातात रबरी ग्लोव्हज घाला. ओतायच्या आधी डागाच्या भोवतीचं काँक्रीट साध्या पाण्यानं चांगलं भिजवून घ्या, नाहीतर सुटलेलं काळं पाणी शेजारच्या कोरड्या भागात शिरतं आणि डाग मोठा होतो. अर्धा तास राहू द्या, मग कडक प्लास्टिकच्या ब्रशनं घासा. तारेचा ब्रश नको, त्याच्या तारा तुटून काँक्रीटमध्ये अडकतात आणि पावसाळ्यात गंजाचे ठिपके उठतात.

एवढ्यानं निम्मा उतरेल. राहिलेल्याला लेप. मुलतानी मातीत टर्पेंटाइन घालून थालीपिठाच्या पिठाएवढं घट्ट कालवायचं, पूर्ण कोरड्या डागावर अर्धा इंच जाड थापायचं, कडेनं दोन बोटं बाहेर जाईल असं, वर प्लास्टिकचा कागद आणि कडांना टेप. एक दिवस तसंच. टर्पेंटाइन आत जाऊन तेल पातळ करतं. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढा आणि लेप वाळू द्या, वाळताना टर्पेंटाइन वर उडतं तसं तेलही वर येतं आणि मातीत अडकतं. लेप वाळला की माती पिवळट-काळी झालेली दिसेल, तीच तुमची कमाई. थापीनं खरवडून काढायचं आणि गरज पडली तर परत. टर्पेंटाइन पेटतं, तेव्हा जवळ बिडी, देवघरातली समई, गॅस काही नको, गेट उघडं ठेवा. जुना डाग शंभर टक्के जाईल अशी आशा धरू नका, फिकट होऊन नजरेत न येण्याएवढा होतो आणि माझ्या मते तिथं थांबावं.

प्रश्न: आत्ताच गिअर ऑइलचा डबा लवंडला, पहिलं काय करू? — खानापूर

पाणी मारू नका. रॉकेल-पेट्रोल ओतून धुवायचं तर मनातही आणू नका, तेल पातळ होऊन दुप्पट आत जातं आणि आगीची भीती वेगळी. वखारीतून लाकडाचा भुसा आणा, नाहीतर चूलीची राख, कोरडी वाळू, काय असेल ते, कडेनं आत टाकत या म्हणजे पसरणार नाही. पायानं दाबा, एक-दोन तास राहू द्या, झाडा, परत टाका. शेवटी सोड्याचं पाणी. खानापूरला जांभ्या दगडाचं अंगण असलं तर अजून घाई करा, जांभा काँक्रीटपेक्षाही जास्त पितो.

तेलकट भुसा गोणीत भरून घरात ठेवू नका. इंजिन-गिअरच्या ऑइलचा भुसा सहसा आपोआप पेट घेत नाही पण आगीजवळ नको, आणि जवसाचं तेल किंवा ऑइल पेंट पुसलेली फडकी असतील तर ती गोळा करून ठेवली की आपोआप गरम होऊन पेटतात, ती पसरून वाळवा.

प्रश्न: दिवाळीत बाहेर चूल मांडून चकल्या तळल्या, कोब्यावर शेंगतेल सांडलं. आता पाय घसरतोय आणि धूळ चिकटून काळं पडलंय. — वडगावची एक काकू

काकू, तुमचं काम सगळ्यात सोपं. शेंगतेल खायचं तेल आहे, त्याला क्षार लागला की त्याचा साबण होतो, साबण कारखान्यातही हेच चालतं. गाडीचं ऑइल खनिज, जमिनीतून काढलेलं, त्याचा साबण होत नाही, म्हणून त्याला एवढा खटाटोप. तुम्ही धुण्याच्या सोड्याचं कडक गरम पाणी ओता, तासभर ठेवा, खराट्यानं घासा, भरपूर पाण्यानं धुवा. दोनदा केलं की झालं. कॉस्टिक सोडा आणू नका, काम लवकर होतं पण हात भाजतात, आणि घरात बारकी पोरं असतील तर विषय संपला.

प्रश्न: ट्रॅक्टर अंगणात उभा असतो, हायड्रॉलिक ऑइल टपकतंय. धुतलेलं पाणी विहिरीकडं उतारानं जातं, चालतंय न्हवं? आणि जळकं ऑइल धूळ बसायला रस्त्यावर टाकतो आम्ही. — चिकोडी भाग

नाही चालत. जळक्या ऑइलमध्ये इंजिन झिजून आलेले धातू आणि जळताना तयार झालेली विषारी रसायनं असतात, ते पावसात वाहून विहिरीत, नाल्यात जातं, आणि ते पाणी आपण आणि म्हशी पितो. रस्त्यावर टाकायची सवय मला माहीत आहे, आपल्याकडं खूप ठिकाणी करतात, धूळ चार दिवस बसते खरी पण आपणच विहिरीच्या वाटेवर विष शिंपडतोय असं आहे ते. केंद्र सरकारच्या 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइलही येतं. कॅनमध्ये भरून ठेवा, ऑइल बदलणाऱ्या गॅरेजवाल्याला द्या, तिथून पुढं ते प्रक्रिया करणाऱ्यांकडं जातं.

अंगणात विहिरीच्या बाजूला मातीचा नाहीतर विटांचा छोटा बांध घाला आणि धुण्याऐवजी भुसा टाकून झाडत जा. ट्रॅक्टरखाली पत्र्याचा ट्रे, दोन इंची कडा वळवलेला, त्यात थर भर वाळू. पण खरा उपाय म्हणजे होजचं कपलिंग आणि ऑइल सील बघून घेणं, सीझन सुरू व्हायच्या आधी, ऊस तोडणी लागली की कुणालाच वेळ मिळत नाही.

प्रश्न: डाग काढला की पंधरा दिवसांत परत. गाडी ऑइल कुठून गाळते कसं कळणार? मेकॅनिक म्हणतो सगळं खोलावं लागेल. — शहापूर

आधी खोलू नका, पुठ्ठा घ्या. खोक्याचा मोठा पुठ्ठा रात्री गाडीखाली सरकवा, पुढच्या चाकाची जागा पेननं खूण करून ठेवा. सकाळी ठिपका कुठं पडलाय ते चाकापासून मोजता येतं, आणि रंगही दिसतो. काळा-तपकिरी म्हणजे इंजिन ऑइल, लाल असेल तर पॉवर स्टीअरिंग किंवा ऑटोमॅटिक गिअर, हिरवं-गुलाबी म्हणजे कूलंट. कूलंट गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात, ते लगेच धुवून टाका. साधं पाणी असेल तर एसीचं, काळजी नको. ब्रेक ऑइलचा शक आला तर मात्र गाडी चालवूच नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

पुष्कळदा ऑइल बदलताना चेंबरच्या नटाचा जुना वायसर तसाच लावलेला असतो, दोन-चार रुपयांचा तो. पुढच्या वेळी नवा घाला म्हणून समोर उभं राहून सांगा.

प्रश्न: उद्यमबागेत लेथचा छोटा शेड आहे, जमीन कटिंग ऑइलनं काळी झालीय. एपॉक्सी, म्हणजे जमिनीवर कडक थर धरणारा लेप, मारून मोकळं व्हावं म्हणतोय. — अनगोळ

तेलावर एपॉक्सी मारली तर पापडासारखी सुटून येते, आणि पैसे तर गेलेलेच. जमिनीवर पाण्याचे थेंब टाकून बघा, मिनिटभरात काळपट होऊन आत गेलं तर काँक्रीट मोकळं, मोत्यासारखं वर उभं राहिलं तर आत तेल आहे. आधी डीग्रीझर, म्हणजे तेल सोडवणारं क्लीनर, मग वरचा थर मशीननं ग्राइंड, आणि परत थेंब टाकून बघा. शेडच्या खालून ओल येते का तेही तपासा, दोन फुटी प्लास्टिक जमिनीला चारी बाजूंनी टेप लावून रात्रभर ठेवा, सकाळी आतून पाणी धरलं असेल तर एपॉक्सी टिकणार नाही. बेळगावला पाऊस जास्त, ही टेस्ट उन्हाळ्यात केली तर फसायला होतं, पावसाळा संपल्यावर करा. उघड्या पोर्चात मात्र एपॉक्सी नकोच, उन्हानं पिवळी पडते.

प्रश्न: नवीन पोर्च घालणार आहे, आधीच काय केलं तर ऑइल धरणार नाही? — हिंडलगा

गवंड्याला पाणी कमी घालायला सांगा. काम सोपं व्हावं म्हणून काँक्रीट पातळ मळतात, पाणी उडून गेलं की तिथं भोकं राहतात, आणि पातळ काँक्रीट म्हणजे तेल पिणारं काँक्रीट. वर सुकं सिमेंट मारून गुळगुळीत करायचं तेही टाळा, वरचा पापुद्रा सुटतो. भिजवणं कमीतकमी सात दिवस, आणि आता मिळतं ते पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, असेल तर दहा दिवस. सीलर, म्हणजे वरून मारायचा संरक्षक लेप, लावायचा तर 28 दिवस थांबा. ऑइल अडवायला हवं असं दुकानदाराला स्पष्ट सांगा, सिलेन-सिलॉक्झेनचे सीलर मुख्यतः पाण्यासाठी असतात, तेलाला फारसे पुरत नाहीत, वर फिल्म करणारे ॲक्रिलिक ऑइल अडवतात पण दोन-तीन वर्षांनी परत मारावे लागतात आणि ओले झाले की निसरडे होतात, तेव्हा वाळूचे कण मिसळलेलं घ्या. उतार मीटरला एक सेंटीमीटर तरी हवा.

प्रश्न: आमच्या अंगणात शहाबादी आहे, तिलाही हेच? — संकेश्वर

सोडा आणि मुलतानी मातीचा लेप चालतो, ॲसिड अजिबात नाही. शहाबादी चुनखडीचा दगड आहे, ॲसिडचा थेंब पडला तिथं कायमचा पांढरा खड्डा पडतो. आधी कोपऱ्यातल्या एका फरशीवर लेप लावून बघा.