बेरीज करू नकोस

प्रिय विद्यार्थिनीस, अनेक आशीर्वाद.

नौपाड्यातल्या आणि कोपरखैरण्यातल्या मुलाखतींचे तुझे तक्ते वाचले. झोपेच्या गोळीविषयीचे समज आणि ती कमी करता येईल हा आत्मविश्वास, या दोहोंचे गुण मिळवून एकच आकडा काढावा, असे तुला सांगण्यात आले आहे म्हणे. मिळवू नकोस.

औषधांविषयीच्या समजुतींची जी प्रश्नावली तू वापरतेस, ती हॉर्न आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात ‘गरज’ आणि ‘काळजी’ यांची पाच-पाच विधाने असून प्रत्येक बाजूला 5 ते 25 गुण पडतात. तुझ्या कोपरखैरण्याच्या आजींची गरज 23, काळजी 22. गोळीने तोल जातो, विसरायला होते, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. तरीही उशाच्या डबीत अर्धी गोळी असल्याखेरीज त्या दिवा मालवत नाहीत. पुढच्या पानावरच्या काकांची गरज 7, काळजी 6. त्यांना गोळीचे सोयरसुतक नाही. समजांचाच एक आकडा करायला गरजेतून काळजीची वजाबाकी केलीस की दोघांपुढेही 1 उरतो, आणि जिच्याशी सर्वांत जास्त बोलायला हवे तीच बाई आकड्यात बेपत्ता होते.

आत्मविश्वास तर त्याहून वेगळा. मानसशास्त्रज्ञ बांडुरा यांनी आत्मविश्वास मोजण्याच्या 2006 च्या मार्गदर्शिकेत 0 ते 100 ची पट्टी सुचवली आणि ‘कराल का’ असे न विचारता ‘आज करू शकता का’ असे विचारायला सांगितले. तुझ्या ‘गोळी सोडू शकाल का?’ या ढोबळ प्रश्नाला, मुलगा-सून समोर असताना, कोण नाही म्हणेल? पायऱ्या कर: डॉक्टरांनी मात्रा थोडी उतरवली तर पहिला आठवडा निभेल का, मध्यरात्री जाग आली तर, घरात खटका उडाला त्या रात्री? (आणि 90 गुण मिळाले म्हणून कुणी गोळी एकाएकी थांबवू नये, हे अर्जावरच छाप, दीर्घकाळ घेतलेल्यांना त्याने झटकेही येऊ शकतात.)

कॅनडातल्या क्वेबेकमधल्या, अशा गोळ्या घेणाऱ्या 303 ज्येष्ठांच्या, 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत माहितीपुस्तिका मिळालेल्यांपैकी 27 टक्क्यांनी सहा महिन्यांत ही औषधे बंद केली. न मिळालेल्यांत 5 टक्क्यांनी. उरलेल्या 73 टक्क्यांचे कुठे अडले? पटले नाही, की पटूनही जमेलसे वाटले नाही? दोन्हींवरचा उपाय निराळा आहे, म्हणून पुन्हा सांगतो, बेरीज करू नकोस.

मलाही एकदा अशीच बेरीज मागितली गेली होती. मी दिली नाही, निबंध कपाटातच राहिला आणि मागून आलेले पुढे गेले. त्याची खंत आहे; पण आज विचारले तरी देणार नाही, आणि याला कुणी हट्ट म्हणत असेल तर म्हणोत.

आजींना पुन्हा भेट. एका खोलीच्या घरात एकांत मिळणे कठीण. सूनबाई भाजीला कधी जातात तेवढे आधी विचारून घे.