बार चार्टच्या आधी
बांधकामाचं वेळापत्रक करताना सॉफ्टवेअर उघडायची घाई करू नकोस, बार चार्टची (कामांच्या आडव्या पट्ट्यांच्या तक्त्याची) तर नाहीच. आधी कागदावर बाणांचं जाळं काढ: शटरिंग (काँक्रीटचा साचा), सळई, इलेक्ट्रिकचे पाइप, काँक्रीट. प्रत्येक कामाला विचार, तुझ्याआधी काय संपायला हवं?

नवखे वाट बघण्याचे दिवस विसरतात. साधं सिमेंट असेल तर काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ४५६) दोन आधारांमधलं अंतर ४.५ मीटरपर्यंत असलेल्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४ दिवस ठेवावे लागतात. मजूर शून्य, पण दिवस जातातच. तेही कामच धर. (माझ्या पहिल्या साइटवर प्लास्टरवाले टेकूंच्या जंगलात बिड्या ओढत बसले होते.)

फ्लोट म्हणजे शेवटची तारीख न हलवता काम जितके दिवस लांबू शकतं ते. फ्लोट शून्य असलेली साखळी लाल पेन्सिलीने रंगव. खिडक्यांना ६ दिवस फ्लोट निघाला तर ठेकेदाराला सांगू नकोस, पहिल्याच आठवड्यात खाऊन टाकेल.

बार चार्ट नंतर, साहेबांसाठी.