वाचकांचे प्रश्न : हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील एआय

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीत आमचे मशीनिंगचे लहान युनिट असून आम्ही मोठ्या कारखान्यांचे जॉबवर्क करतो. आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आता एआय आले आहे. बिलाचा फोटो टाकला की ते नोंद तयार करते, बँकेत जमा झालेल्या रकमा बिलांशी जुळवते आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला उत्तरही देते. आमचे जुने हिशेबनीस याला तयार नाहीत. मुलाच्या मते आता हिशेबनिसाची गरजच उरणार नाही. काय करावे?
– एक लघुउद्योजक, अंबड, नाशिक

उत्तर : ही सोय अवश्य सुरू करा, पण हिशेबनिसांना कमी करू नका. एआयने केलेली प्रत्येक नोंद आधी कच्ची राहील आणि त्यांनी पाहिल्यावरच पक्की होईल, अशी व्यवस्था सॉफ्टवेअरमध्ये करून घ्या.

आपल्या धंद्यात मला सर्वांत मोठा धोका दिसतो तो डिलिव्हरी चलनाचा, म्हणजे मालासोबत येणाऱ्या कागदाचा. कारखान्याकडून आपल्याकडे येणारा कच्चा माल या चलनावर येतो आणि त्याची मालकी कारखान्याकडेच राहते. परंतु त्या चलनावर मालाचे वर्णन, एचएसएन कोड (मालाचा वर्गीकरण क्रमांक), नग आणि किंमत असे सगळे काही असल्यामुळे ते बिलासारखेच दिसते. एआयने ते खरेदी म्हणून नोंदवले, तर जो माल आपला नाही तो आपल्या साठ्यात दिसेल आणि ज्याचे देणे नाही त्या कारखान्याच्या नावे देणे उभे राहील. शिवाय कायद्यानुसार असा माल वर्षाच्या आत परत गेला नाही, तर कारखान्याने तो ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी पुरवठा (म्हणजे जीएसटीच्या दृष्टीने विक्री) झाला असे धरले जाते. म्हणून चलनांचा हिशेब वेगळा आणि काटेकोर राहणे दोघांच्याही हिताचे असते. हा फरक आपल्या हिशेबनिसांना अनुभवाने ठाऊक आहे. सॉफ्टवेअरला तो शिकवावा लागेल, आणि ते काम त्यांच्याइतके चांगले दुसरे कोणी करणार नाही.

हाताने लिहिलेल्या बिलांबाबतही सावध राहा. देवनागरी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि स्थानिक दुकानदारांच्या एकाच पावतीवर दोन्ही लिप्यांतील आकडे सर्रास आढळतात. जीएसटी क्रमांकाचे शेवटचे, म्हणजे पंधरावे, अक्षर पडताळणीसाठीच असल्याने तो क्रमांक चुकीचा वाचला गेल्यास सॉफ्टवेअरला सहसा कळते. रकमेला तसे संरक्षण नसते.

उलट जुळवणीच्या कामात एआयचा खरा उपयोग आहे. कारखाना तीन-चार बिलांचे पैसे टीडीएस कापून एकरकमी पाठवतो, तेव्हा कोणती बिले भागली हे शोधण्यात हिशेबनिसांचा बराच वेळ जातो. संभाव्य जोड्या समोर आल्या तर त्यांना फक्त खात्री करायची उरते. हीच गोष्ट जीएसटीआर-२बीची, म्हणजे पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणाऱ्या आपल्या खरेदीच्या यादीची. १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराने दाखवलेले आणि २बीमध्ये उतरलेले बिल असेल तरच त्यावरील कराची वजावट मिळते. बिल क्रमांकातील एखाद्या रेघेमुळे किंवा शून्यामुळे न जुळणारी बिले एआय पटकन हेरते. मात्र मोटार किंवा खाण्यापिण्याच्या खर्चावरील कर बहुतेक वेळा २बीमध्ये दिसत असूनही घेता येत नाही, हे माणसानेच तपासावे. एआय आपल्या जुन्या नोंदी पाहून खाते सुचवते, त्यामुळे पूर्वीची चूक ते त्याच विश्वासाने पुढे चालवते. विवरणपत्रातील चुकीची जबाबदारी कायद्याने आपलीच राहते.

प्रश्न : बँकेचे स्टेटमेंट एखाद्या मोफत एआय चॅटवर टाकून त्याचा गोषवारा काढला तर चालेल का?
– एक व्यापारी, सातपूर, नाशिक

उत्तर : कृपया तसे करू नका. त्या कागदावर आपल्याबरोबरच आपल्या ग्राहकांची आणि कामगारांची नावे, खाते क्रमांक व रकमाही असतात, आणि त्या बाहेर देण्याची परवानगी आपल्याला कोणी दिलेली नाही. सॉफ्टवेअरमधील सोय वापरायची असली तरी आधी विक्रेत्याकडून दोन गोष्टी लेखी घ्या : माहिती कोठे साठवली जाते, आणि ती त्यांचे एआय शिकवण्यासाठी वापरली जाते का. लेखी उत्तर मिळत नसेल, तर ती सोय बंदच ठेवा.