‘केसीआयचे कागद आहेत’ म्हणजे ब्रीडरची तपासणी झाली आहे, असे समजावे का?

तुमचा प्रश्न असा आहे की, पुण्याजवळच्या एका ब्रीडरकडून लॅब्राडॉरचे पिल्लू घ्यायचे जवळपास ठरले आहे, ‘केसीआयचे पेपर मिळतील, सगळे कायदेशीर आहे’ असे त्याने फोनवर सांगितले आहे, तर तेवढ्यावर विश्वास ठेवावा का. आणि ब्रीडरच्या घरी येऊन सरकारी तपासणी होते असे ऐकले आहे, ती कोण करते व तीत काय पाहतात. पहिल्या भागाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर थोडे सविस्तर देतो, कारण मी पशुवैद्यक आहे आणि अशा तपासण्यांना पथकातला डॉक्टर म्हणून काही वेळा गेलेलो आहे.

केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया. ही चेन्नईची संस्था कुत्र्यांची वंशावळ नोंदवते. तिच्या कागदावरून तुमच्या पिल्लाचे आई-बाप कोण, आजे-पणजे कोण, जन्मतारीख काय, हे कळते. ती माहिती उपयोगाची आहे, पण ती जन्मदाखल्यासारखी आहे. मूल कोणत्या घरात आणि कसे वाढले, हे जन्मदाखला पाहून समजत नाही. पिल्लांची आई सिमेंटच्या चार बाय चारच्या खोलीत वर्षभर बंद असली तरी तिच्या पिल्लांची वंशावळ तितकीच शुद्ध राहते.

कुत्री कशी ठेवली जातात, हे पाहण्याची व्यवस्था वेगळी आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारने २०१७ मध्ये श्वानपैदास व विक्रीचे नियम काढले. त्यांनुसार विशिष्ट जातीची कुत्री पैदास आणि विक्रीसाठी पाळणाऱ्या प्रत्येकाने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करून घ्यावी लागते. अर्जासोबत पाच हजार रुपये शुल्क भरावे लागते, ते परत मिळत नाही. दोन ठिकाणी कुत्री असतील तर दोन्ही ठिकाणांसाठी स्वतंत्र नोंदणी लागते. आणि प्रमाणपत्र दोन वर्षांपुरते असते. ‘माझ्याकडे एकच कुत्री आहे, मी कुठला ब्रीडर’ हा युक्तिवाद मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे, परंतु नियमातल्या व्याख्येत कुत्र्यांची किमान संख्या दिलेली नाही. इंग्लंडमध्ये साधारणपणे बारा महिन्यांत तीन वेते झाली आणि पिल्ले विकली की परवाना लागतो. आपल्याकडे तशी सूट नाही, आणि माझ्या मते ती नसणेच बरे.

नोंदणी देण्यापूर्वी मंडळाने नेमलेले पथक जागेवर येते आणि त्यात पशुवैद्यक असतो. लोकांची कल्पना अशी असते की साहेब येतील, फाइल पाहतील, चहा घेतील आणि जातील. तसे कधी होत नाही असे मी म्हणणार नाही. पण मन लावून केलेली तपासणी फाटकापासूनच सुरू होते. आत पाऊल टाकताच ताज्या फिनेलचा घमघमाट आला, तर मी सगळ्यात आधी पिण्याच्या पाण्याचे भांडे उचलतो आणि आतल्या बाजूने बोट फिरवतो. फरशी सकाळी घाईघाईने धुता येते. भांड्याच्या कडेखालचा शेवाळाचा बुळबुळीत थर मात्र हमखास राहून जातो. त्यानंतर कुत्रीच्या पुढच्या पायांची कोपरे पाहतो. अंथरूण नसलेल्या कडक जमिनीवर महिनोन्‌महिने बसणाऱ्या जड अंगाच्या कुत्रीच्या कोपरांवरचे केस जातात आणि तिथे जाड, राखाडी घट्टे पडतात. लॅब्राडॉरसारख्या जातीत ते थोडेफार असतातच, पण केनेलमधल्या झाडून सगळ्या कुत्र्यांना सारखेच घट्टे असतील, तर कोपऱ्यात नीट घडी करून ठेवलेल्या नव्या गाद्या कालच आणल्या आहेत, हे सांगायला कोणी लागत नाही.

मग नोंदवही. प्रत्येक कुत्र्याची आरोग्याची, लसीकरणाची आणि मायक्रोचिपची (कातडीखाली बसवलेल्या, ओळख क्रमांक असलेल्या बारीक चिपची) नोंद ठेवणे बंधनकारक आहे. खरी वही मळलेली असते, तिच्यात तीन-चार रंगांच्या शाया असतात, एखाद्या पानावर दुधाचा डाग असतो. दोन वर्षांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच वळणात, एकही खाडाखोड न करता लिहिलेल्या दिसल्या की त्या एका बैठकीत लिहिल्या आहेत असे समजावे.

या वहीत सर्वांत महत्त्वाचा हिशेब पिल्लांच्या आईचा असतो. नियमांप्रमाणे अठरा महिन्यांच्या आत तिचे मेटिंग करता येत नाही आणि आठ वर्षांनंतरही नाही. वर्षातून एकापेक्षा जास्त वेत नाही आणि आयुष्यात पाचांपेक्षा जास्त नाही. भाऊ-बहीण किंवा बाप-लेक अशा जवळच्या नात्यात जोडी लावता येत नाही. कुत्री बहुधा सहा-सात महिन्यांनी माजावर येते, त्यामुळे वर्षाला एकच वेत घ्यायचे म्हणजे ब्रीडरला दर दुसरा माज सोडून द्यावा लागतो, आणि पैशाचा मोह नेमका तिथेच होतो. सड लोंबलेले, पोट सैल, अंगावरचे केस गळलेले, आणि वय विचारावे तर ‘तीन वर्षे’ असे उत्तर मिळते, अशा कुत्र्या मी पाहिल्या आहेत. मात्र किती वेते झाली हे केवळ अंगावरून ठामपणे सांगता येत नाही. इथे त्या केसीआयच्या कागदांचा खरा उपयोग होतो: एकाच आईच्या वेगवेगळ्या वेतांतल्या पिल्लांचे दाखले शेजारी ठेवले आणि दोन जन्मतारखांत सात महिन्यांचे अंतर निघाले, तर नियम मोडल्याचा पुरावा ब्रीडरने स्वतःच आपल्या हातात दिलेला असतो.

माझ्या हातून झालेली एक चूकही सांगतो. एका बंगल्यात तपासणीला गेलो होतो. अंगण स्वच्छ, चार कुत्री तुकतुकीत, मालकीणबाई अगत्यशील. मी अनुकूल शेरा लिहिला. निघताना मागच्या बाजूने भुंकण्याचा आवाज आला, तेव्हा ‘ती शेजाऱ्यांची’ असे उत्तर मिळाले आणि मी मागे फिरलो नाही. पुढे काही महिन्यांनी त्याच घरातले आजारी पिल्लू माझ्याच दवाखान्यात आले, आणि घेणाऱ्या माणसाने मागच्या पत्र्याच्या शेडचे वर्णन केले. तेव्हापासून मी आधी घराला चारही बाजूंनी फेरी मारतो आणि मग खुर्चीवर बसतो.

म्हणून प्रमाणपत्र आहे म्हणजे सगळे आलबेल, असेही धरू नका. दोन वर्षे हा काळ लहान नाही. तेवढ्यात नियमाने वागले तरी एका कुत्रीची दोन वेते होतात. तुम्ही ब्रीडरकडे मंडळाचे नोंदणी प्रमाणपत्र मागा. ते दर्शनी भागात लावलेले असणे नियमाने आवश्यक आहे, त्यामुळे ‘सीएकडे आहे’ हे उत्तर चालणार नाही. त्यावरची मुदत आणि पत्ता वाचा, आणि त्याच पत्त्यावर जाऊन पिल्लू आईजवळ असताना पाहा. इंग्लंडमध्ये २०२० पासून सहा महिन्यांच्या आतले पिल्लू मध्यस्थामार्फत विकण्यास बंदी आली. वेल्समधल्या एका केनेलमधून सोडवलेल्या ल्युसी नावाच्या कॅव्हेलियर स्पॅनियल कुत्रीवरून त्या कायद्याला नाव पडले, आणि त्याचा गाभा हाच आहे की पिल्लू जिथे जन्मले तिथे, आईसोबत पाहावे. ‘तुम्हाला इतक्या लांब यायचा त्रास कशाला, मी टोलनाक्यावर आणून देतो’ असे कोणी म्हणाले, तर तो तुमचा त्रास वाचवत नसून आपली जागा लपवत आहे, असे मी तरी समजेन.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आतले असेल तर घेऊ नका. तसे विकणे नियमबाह्य आहे, आणि आई-भावंडांत राहून चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू शिकते ते याच दिवसांत. मायक्रोचिपचा क्रमांक कागदावर असून भागत नाही, स्कॅनर फिरवून तो वाचून घ्या; बऱ्याच दवाखान्यांत स्कॅनर असतो. लॅब्राडॉरमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष आनुवंशिक असतो, तेव्हा आई-बापांच्या खुब्यांचे एक्स-रे काढले आहेत का, हे विचारा. नियमांत हे वेगळे सांगितलेले नाही, पण चांगला ब्रीडर एक्स-रे दाखवतो, आणि ज्याने काढलेले नाहीत तो बहुधा ‘आमच्या लाइनमध्ये तसले काही नाही’ असे म्हणतो.

शेवटी, ब्रीडर तुमचीच उलटतपासणी घेऊ लागला तर रागावू नका. फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे, दिवसा घरी कोण असते, सुट्टीत गावी जाताना कुत्रा कुठे ठेवणार, असे विचारणारे एक गृहस्थ माझ्या ओळखीत आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांनी दोन गिऱ्हाइके परत पाठवली आणि एक पिल्लू त्यांच्याकडेच साडेपाच महिन्यांचे झाले. सहा महिन्यांनंतर ते नसबंदी केल्याशिवाय, दुसऱ्या नोंदणीकृत ब्रीडरखेरीज कोणाला विकता आले नसते. तरीही घाई न करता ते तिसऱ्या गिऱ्हाइकाचे घर पाहायला स्वतः चिंचवडला जाऊन आले, आणि मगच पिल्लू दिले.